चिंचेवरचा नंबर

ठमाबाईबद्दल चांगलं बोलणारं माणूस आमच्या रस्त्यावर शोधून सापडणार नाही. मीही बोलणार नाही. बावीस वर्षं माझ्या दुकानापुढे बसून त्या बाईने माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत. आणि आज तिची गोष्ट सांगायची वेळ आलीय ती माझ्यावरच. दुसऱ्या कोणाला ती सांगता येणार नाही, हेही खरं.

मी साबिरा. जुन्या पनवेलमध्ये, उरण नाक्यापासून थोडं आत, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि अर्ज लिहून देणे. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, विजेचं मीटर नावावर करायचंय, पेन्शन अडकलीय, तर लोक माझ्याकडे येतात. माझा नवरा अब्दुल्ला कुवेतला गेला तेव्हा मला हे दुकान टाकून देऊन गेला. तो तिकडे वाळवंटात, मी इकडे मशीनच्या धगीत, आणि माझ्या पायरीपासून आठ फुटांवर ही ठमाबाई.

ती बसते चिंचेखाली. ही चिंच माझ्या दुकानाच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी आहे. दोघांनी हात पसरले तरी खोड कवेत येत नाही. माझे सासरे म्हणायचे, ते मदरशात जायचे तेव्हाही ती एवढीच होती. असेल बाबा. मला तिचं कौतुक कधीच नव्हतं. तिची बारीक पानं गटारात साचायची, गटार तुंबायचं, वरून कावळ्यांचा प्रसाद. आणि मुख्य म्हणजे तिच्यामुळे रस्त्यावरून माझं दुकान दिसायचंच नाही. लोक समोरून दोनदा जायचे आणि पुढच्या चौकात जाऊन झेरॉक्स काढून यायचे.

त्यात ठमाबाईची मासळीची पाटी. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, चिखलातले निवटे मासे, कोलंबी. पाटीतलं पाणी वाहत वाहत बरोबर माझ्या पायरीशी यायचं. पासपोर्टचा फॉर्म भरायला आलेली पोरं नाकाला रुमाल लावून उभी राहायची. मी म्हणायचे, "ठमाबाई, पाटी तिकडे सरकव." ती म्हणायची, "तुजा दुकान सरकव. मी आदी आलेली हाय." आणि ते खरंच होतं. तिच्याआधी तिची आई गंगाबाई त्याच जागी बसायची. तेव्हा माझं दुकानच काय, आमच्या बिल्डिंगचा पायासुद्धा खणलेला नव्हता.

बाई अंगाने काटकुळी, वय अडुसष्ट, पण आवाज असा की नाक्यावर ऐकू जावा. नाकावर सदा राग. गिऱ्हाइकाने चिंबोरी उलटी करून पोट दाबून बघितलं की ती त्याच्या हातातून काढून घ्यायची. "बाजारात जाऊन बरफातला घे, तुला त्याच पचल." तरीही लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिची चिंबोरी कधी पोकळ निघाली नाही. सकाळची पहिली भवानी झाली की ती ते नाणं आधी खोडाला लावायची आणि मग कपाळाला. झाडाला लावल्याशिवाय कमरेला खोचायची नाही.

तिचं गाव खाडीकाठचं. होतं, म्हणायला पाहिजे. विमानतळासाठी जी गावं उठली त्यातलं एक. ती कथा तिने मला कधी सांगितली नाही, गिऱ्हाइकांना सांगायची, पण अशा आवाजात की मला कान झाकून बसावं लागायचं. सर्वेवाले आले आणि दारावर लाल रंगाने आकडा टाकून गेले. घरावर आकडा, गोठ्यावर आकडा, परसातल्या शेवग्यावर आकडा, विहिरीच्या कठड्यावरसुद्धा आकडा. पोरं त्या आकड्यांपुढे उभी राहून फोटो काढत होती म्हणे. आणि काही वर्षांत सगळं सपाट. "ज्याच्यावर आकडा पडला, त्याचा नामोनिशान नाय राहिला," असं म्हणून ती कोयत्याने चिंबोरीच्या नांग्या तोडायची.

तिला प्लॉट मिळाला, तिच्या मुलाने, दिनानाथने, दोन मजली घर बांधलं. फरशी, गच्ची, सगळं. मी एकदा तिच्या नातीच्या बारशाला गेले होते, भांडण चालू असतानाच गेले होते, घर छान आहे. पण ही म्हणते, "तिथं मी पावनी हाय." एकदा दुपारी शेजारच्याच घरात शिरून पंख्याखाली पसरली होती. सगळी घरं सारखी, रंगही सारखा. त्या घरातली सून येऊन म्हणाली, आजी, तुमचं घर पलीकडे. तेव्हापासून ती रोज पहाटेची पहिली टमटम पकडून इकडे येते आणि अंधार पडेपर्यंत हलत नाही. "माज्या आयशीने मला याच झाडाखाली दूध पाजला," ती सांगायची. "गाव गेला, खाडी बुजली, देवी उचलून दुसरीकडं बसवली. हे एक झाड तेवढा हाय तिथं हाय. हितं डोले मिटून बसली तरी मला ठाव असता, मी कुटं हाय ती."

हे मी शंभर वेळा ऐकलं. शंभर वेळा माझ्या मनात एकच आलं, तुझं झाड हाय तिथं हाय, पण माझं दुकान कुठं हाय ते कोणाला दिसत नाय, त्याचं काय!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी टिनाचा नवीन बोर्ड करून घेतला. लाल अक्षरं, खाली बाण. रस्त्याच्या बाजूने चिंचेच्या खोडावर दोन खिळे मारून लावला. संध्याकाळी लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आले तर खोड मोकळं. खिळे उपटलेले. बोर्ड कुठे? ठमाबाईच्या पाटीवर! बोर्ड उलटा करून तिने चिंबोऱ्यांवर झाकण घातलं होतं, आणि वर दगड ठेवला होता.

माझी काय आग आग झाली म्हणून सांगू! मी म्हटलं, "लाज नाही वाटत? माझ्या पोटावर पाय देतेस?"

"आन तू झाडाच्या पोटात खिला ठोकतेस त्याचा काय?" ती उठून उभी राहिली. "तुज्या आंगात ठोकू काय दोन? मंग बोर्ड लाव गल्यात."

रस्ता जमा झाला. पानवाला हसत होता, मेडिकलवाला हसत होता. मी माझ्या नावाचा बोर्ड त्या घाणीतून ओढून काढला, तेव्हा एक चिंबोरी त्याला लटकून वर आली. लोक काय खिदळले! अल्लाह कसम, मी आत जाऊन रडले. पंचावन्नच्या घरात आलेली बाई, झेरॉक्सच्या मशीनमागे उभी राहून रडले.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि रंगाचा डबा. त्यांनी चिंचेला टेप गुंडाळला, फोटो काढले आणि खोडावर पिवळ्या रंगाने आकडा घातला. ४१७. ठमाबाई तेव्हा नव्हती, पाटी ठेवून कोलंबीसाठी बर्फ आणायला गेली होती. मी पोरांना विचारलं, हे काय? त्यातला एक म्हणाला, "झाडांची गणना आहे, मॅडम. नंबर असला म्हणजे झाड रेकॉर्डवर. उद्या कोणाला तोडायचं असेल तर नोटीस काढावी लागेल, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतील. एवढं जुनं झाड आहे, याला तर सहज हात लावता येणार नाही." मी म्हटलं, असं का. पोरं पुढच्या झाडाकडे गेली.

ठमाबाई बर्फ घेऊन आली, आणि तिची नजर आकड्यावर गेली.

तिच्या हातातला बर्फ खाली पडला. ती बाई, जी पोलिसाला भीत नाही, ती खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि इकडे तिकडे बघायला लागली, कोणी जेसीबी घेऊन येतंय का म्हणून. मग खाली बसली. विटेचा तुकडा दगडावर घासून भुकटी केली, काथ्या घेतला, पानवाल्याकडून बाटलीत थोडं रॉकेल आणलं. आणि लागली घासायला. रंग ओला होता तेवढा पसरला, मग तो पसरलेला घासला. कोपरापासून हात पिवळा. साल सोलून निघाली तरी घासतच होती. अर्धा तास तरी घासत असेल.

मी बघत होते. दुपारचे साडेबारा वाजले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, माझ्या हातात चहा होता. आठ फुटांवरून एक वाक्य टाकायचं होतं, अगं, हा आकडा वेगळा आहे, हा ठेवायचा असतो. एवढंच. आणि मी मूग गिळून बसले. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, घास. घास, बाई, चांगलं घास. तुझंच झाड, तुझाच हात. उद्या कोणी पाडलंच तर माझं दुकान दिसेल आणि तुझा वासही जाईल. चहा संपेपर्यंत बघितलं आणि कप विसळायला आत गेले.

नंतर वर्षभर आम्ही नेहमीसारख्या भांडत होतो. पाण्यावरून, मांजरांवरून, तिच्या गिऱ्हाइकांनी माझ्या पायरीवर बसण्यावरून. मी ती गोष्ट विसरले होते असं म्हणणार नाही. पण काही झालंही नव्हतं, झाड उभं होतं, मग मला टोचलंही नाही.

या एप्रिलमध्ये रस्ता रुंद करायचं निघालं. विजेच्या खांबावर यादी चिकटवली, कुठली कुठली झाडं जाणार, हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. ठमाबाईला वाचता येत नाही. ती यादीपुढे उभी राहिली, मग माझ्याकडे आली. बावीस वर्षांत ती माझ्या पायरीवर पहिल्यांदा चढली ती त्या दिवशी. "चल, वाच," म्हणाली. विनंती वगैरे नाही, हुकूम.

मी वाचलं. नऊ झाडं होती. दोन गुलमोहर, एक पिंपळ, बाकी रेन ट्री. प्रत्येकापुढे नंबर. चिंच नव्हती.

"परत वाच."

परत वाचलं. चिंच नव्हती.

त्या बाईने छाती बडवून घेतली, पण आनंदाने. "बगा रं! मी पुसला म्हनून वाचला! माज्या घराचा आकडा मी पुसला नाय, गेला घर. ह्याचा पुसला, ऱ्हायला झाड!" पानवाल्याला सांगितलं, मेडिकलवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्यांना थांबवून सांगितलं. बत्तासे आणून वाटले. आणि मग माझ्या काउंटरवर येऊन केळीच्या पानात गुंडाळलेल्या सहा चिंबोऱ्या ठेवल्या. भरलेल्या, मोठ्या, जशा ती कोणाला देत नाही. "घे. आज भांडन नाय. तुजी पोर खाईल."

मी त्या घेतल्या. काय करणार होते?

रात्री घरी माझ्या मुलीने, अल्फियाने, रस्सा केला. ती बँकेत आहे, कागदपत्रांत हुशार. मी तिला यादीची गोष्ट सांगितली, नंबर पुसल्याचीही सांगितली. तिने हातातली नांगी खाली ठेवली. "अम्मी, यादीत नाही म्हणजे वाचलं नाही. यादीत नाही म्हणजे त्यासाठी कोणाला विचारायचीही गरज नाही. तिला सांगितलंस का?" मी म्हटलं, "भात वाढ." तिने वाढला नाही. तशीच उठून गेली.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी ठमाबाईला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तोंडच उघडेना.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर आला. परेश नाव, तरुण मुलगा, बोलायला सभ्य. ठमाबाईला म्हणाला, "आजी, सोमवारपासून दुसरीकडे बसा. ही चिंच निघणार."

"यादी वाच, मेल्या!" ती हसलीच. "यादीत नाय ती."

"म्हणून तर," तो म्हणाला. "आमच्याकडचे दोघं रजिस्टर घेऊन रस्ताभर फिरले. ज्या झाडावर नंबर दिसला त्याला नोटीस. चारशे सतराचा नंबर कुठे दिसलाच नाही. त्यापुढे लिहून गेले, जागेवर नाही. आता कागदावर हे झाडच नाही. जे नाही त्याची परवानगी कोणाकडे मागणार?"

तिला कळायला वेळ लागला. त्याने दोनदा समजावलं. मग ती खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त स्वतःचे दोन्ही तळहात उलटे सुलटे करून बघितले. "म्हंजे मीच," म्हणाली. "मीच मारला." परेश बिचारा घाबरला, तिला पाणी द्यायला लागला. ते तिने घेतलं नाही.

अर्ध्या तासाने माझ्याकडे आली. "अर्ज लिव."

मी लिहिला. आता माझी लबाडी बघा. मी लिहिलं की नंबर उन्हापावसाने गेला. म्हटलं, असंही काम होईल, तसंही होईल, कशाला खोलात जायचं. ठमाबाईची एक रीत आहे, शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय ती अंगठा उठवत नाही. तिच्या बापाने जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा दिला होता, तेव्हापासूनची रीत. मी वाचलं. ती म्हणाली, "उनापावसाने? मी घासला तो!" मी म्हटलं, "गप्प बस, ऑफिसात असंच लिहितात."

ऑफिसात मोनाली नावाची क्लार्क होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "ऑइल पेंट एका पावसाळ्यात जात नाही हो, बाकीच्या झाडांवर आहे की."

ठमाबाई लगेच पुढे झाली. "मी पुसला. विटेने घासला. लिवून घे."

"तुम्ही तिथेच धंदा करता ना, आजी? मग तुम्ही तर म्हणणारच." मोनाली वाईट नव्हती, सरळ सांगत होती. "झाड आहे ते मला मान्य आहे. पण रजिस्टरमधलं चारशे सतरा ते हेच, हे सांगणारं दुसरं कोणी पाहिजे. नंबर होता आणि तो पुसला गेला, हे डोळ्यांनी बघितलेलं माणूस आणा. लेखी द्या. उद्या शुक्रवार, उद्या चारच्या आत आलं तर साहेब सोमवारचं काम थांबवतील आणि मोजायला येतील. नंतर माझ्या हातात काही नाही."

रिक्षात तिने तो अर्ज घडी करून कमरेला खोचला.

शुक्रवारी सकाळपासून ती दुकानादुकानांत फिरली. मी काउंटरवरून बघत होते. पानवाला म्हणाला, "रॉकेल दिलं होतं मावशी, पण तुम्ही कशाला नेलं ते मी बघितलं नाही." मेडिकलवाला गेल्या वर्षी दुपारी जेवायला घरी जायचा. रिक्षावाले बदलले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ती त्या उन्हात पलीकडच्या बाजूला गेली, शिवणाच्या दुकानात, सायकलवाल्याकडे, इस्त्रीवाल्याकडे. प्रत्येक ठिकाणी हात जोडत होती. ठमाबाई हात जोडते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. प्रत्येक जण मान हलवत होता.

दीड वाजता ती परत आली आणि माझ्या पायरीवर बसली. माझ्याकडे पाठ करून.

मी म्हटलं, "मला विचारलं नाहीस."

"तुला काय विचारू?" ती म्हणाली. "तू फटकल तोंडाची. तू बघितला असतास तर तवाच बोंब मारली असतीस. माजी पाटी एक बोट सरकली तरी तू रस्ता गोला करतेस. तू गप ऱ्हानारी बाय नाय."

एवढी चांगली शिफारस माझी आजपर्यंत कोणी केली नव्हती. माझ्या भांडखोरपणावर तिचा एवढा विश्वास होता! मी कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले. माझं नाव, वय, दुकानाचा पत्ता, तारीख. बोर्डाच्या भांडणाची तारीख मी कशी विसरेन? लिहून झालं, तशी ती सवयीने म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "मी खाली सही करणार साबिरा अब्दुल्ला असे लिहून देते की, गतवर्षी दिनांक बारा फेब्रुवारी रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास सदर चिंचेवरील क्रमांक ४१७ ठमाबाई यांनी विटेच्या भुकटीने घासून काढल्याचे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले."

ती वळली. "तू बघितलास?"

"हो."

"कुटून?"

"इथूनच. चहा पीत होते."

"मंग ओरडलीस का नाय?"

मला सांगता आलं असतं की मला तरी कुठे माहीत होतं. तिने मानलं असतं. तिने मला तेवढी वाट ठेवली होती. पण तिचे ते हात माझ्या समोर होते, आणि मला सहन झालं नाही.

"पोरांनी मला सकाळीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "नंबर झाड वाचवायला असतो म्हणून. मला माहीत होतं. तू बोर्ड काढलास त्याचा राग होता. म्हटलं, पुसतेय तर पुसू दे. पडलं झाड तर पडू दे."

मला वाटलं, आता कोयता येतो. खरंच वाटलं. मी मागे सरकलेही. पण ती नुसती बघत होती, जसं माणूस अनोळखी दारावरचा नंबर बघतं. मग कागदाकडे बोट केलं.

"ते बी लिव."

"त्याची गरज नाही त्यांना. बघितलं एवढं बास आहे."

"मला हाय गरज. लिव. आन परत वाच."

मी लिहिलं. सदर क्रमांकाचा अर्थ मला माहीत होता, ठमाबाई यांना माहीत नव्हता, मी त्यांना मुद्दाम सांगितले नाही. बावीस वर्षांत मी लोकांचे हजारो अर्ज लिहिले असतील, कोणाच्या नवऱ्याने टाकलं, कोणाच्या भावाने फसवलं. एकाही वेळी माझा हात असा जड झाला नव्हता. तिने ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज बसला, तर म्हणाली, "मोट्याने." मग स्वतःच्या अर्जातलं उन्हापावसाचं वाक्य खोडायला लावलं, अंगठा उठवला आणि निघाली. मी मागून कुलूप लावून धावत गेले. ऑफिसपर्यंत ती माझ्या वीस पावलं पुढे चालत होती. मोनालीने माझं वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

काम थांबलं. बुधवारी साहेब आले, घेर मोजला, गणनेतले फोटो ताडून पाहिले. फोटोत खोडाला टेकून ठेवलेली तिची पाटी दिसत होती. चिंच राहिली. गटाराची लाईन पाच फूट वाकवली. रंगवाला आला, त्याने पुन्हा आकडा घातला, आणि रंग वाळेपर्यंत ठमाबाईने तिथे माशी बसू दिली नाही. मी दुकानातून पेढे घेऊन बाहेर आले, तर ती नेमकी रस्त्याच्या पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती खोडाच्या त्या बाजूला बसते, रस्त्याकडे तोंड करून. मध्ये चिंच. मला तिचं कोपर तेवढं दिसतं. त्या बाजूला अकरानंतर ऊन येतं, रस्त्याची धूळ येते, ट्रकचा धूर येतो. मी म्हटलं, "अगं, इकडे सावली आहे, इकडे ये. पाणी वाहू दे माझ्या पायरीवर, मी एक अक्षर बोलणार नाही." उत्तर नाही. मग मी दुसरं टोक गाठलं. मुद्दाम पायरी धुतली आणि बादलीभर पाणी तिच्या अंगावर जाईल असं फेकलं. म्हटलं, आता तरी बोलेल. तोंडाचा पट्टा सोडेल, माझ्या सात पिढ्या काढेल. तिने पाटी उचलली, लुगड्याचा ओला काठ पिळला, पाटी दोन हात पुढे ठेवली आणि बसली. पानवाला मला म्हणाला, "काय मॅडम, आता शांतता आहे की नाही?" त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली.

दोन महिने झाले. काल दुपारी एक म्हातारबाबा आले. पळस्प्याकडचे असावेत, काखेत कागदांची पिशवी. ते रस्त्यावरून थेट तिच्यापुढे येऊन थांबले. मी काउंटरवर उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाय, इथं चिंचेच्या मागं कोनी बाई अर्ज लिवून देते म्हनं. कशी हाय ती? भरवशाची हाय का?"

ठमाबाईने चिंबोरीच्या नांग्या दोऱ्याने बांधायचं थांबवलं नाही.

"मला नाय ठाव, बाबा," ती म्हणाली. "हितं माज्या ओलखीचा कोन नाय."